घट्ट झाकण

देवदत्तच्या घरात एकाही बरणीचं झाकण घट्ट नसे. साखरेत मुंग्या, लोणच्याला बुरशी, पापड सादळलेले. पाहुण्यांसमोर चहाचा डबा उचलावा तर झाकण हातात आणि डबा जमिनीवर. श्रद्धा, त्याची बायको, आधी भांडली, मग तिनं समजावून पाहिलं, मग नाद सोडला. रोज ओटा आवरताना ती झाकणं फिरवून बसवायची आणि सकाळी ती सैल सापडायची. नवरा सरळमार्गी, मुरूडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारा, सुपारीचं खांडही न खाणारा. आता झाकणांच्या पायी काही कोणी माहेरी निघून जात नाही. माणसाची एखादी खोड असते म्हणून तिनं ते पोटात घातलं.

खोड नव्हती ती, भीती होती. आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती, निदान त्याला तसं वाटत होतं.

देवदत्तचे वडील, ज्यांना सारं नांदगाव दादा म्हणायचं, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. दादांना बंद जागा सोसायची नाही. भर थंडीतही त्यांच्या खोलीची मागची खिडकी सताड उघडी असायची. वाडीतला वारा अंगावर आल्याशिवाय त्यांचा डोळा लागत नसे. अशा माणसाला शेवटचे दिवस काचेआड काढावे लागले. शेवटच्या फोनवर ते दुसरं काही बोललेच नाहीत. "देवा, इथे खिडकी नाही रे," एवढंच म्हणाले. गेल्यावर त्यांना चेन लावलेल्या पिशवीत घातलं, ते देवदत्तनं फाटकाबाहेरून पाहिलं. त्या दिवशी घरी येऊन त्यानं दादांच्या खोलीची खिडकी लावली, अडसर घातला आणि खोलीला कुलूप ठोकलं. रोग घरात पसरायला नको, असं कारण तेव्हा सांगितलं.

अस्थी घरात आणायच्या नसतात. म्हणून अस्थींचं गाडगं अंगणातल्या आंब्याला टांगलं. हरिहरेश्वर बंद, नाक्यानाक्यावर पोलीस, धाकटा भाऊ अजेय ऑस्ट्रेलियात अडकलेला. दिवस जात राहिले. तशात वादळी पाऊस आला. गाडग्यात पाणी जाऊन दादांचा चिखल होईल या धास्तीनं देवदत्तनं अस्थी काढून एका फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या बरणीत भरल्या. बरणी दादांचीच, बुडाशी त्यांचं नाव घातलेलं. शेवटी गावातला धर्माजी तांडेल, दादांना मानणारा माणूस, आपली लहान होडी काढायला तयार झाला.

समुद्र उसळलेला होता आणि देवदत्तच्या अंगात ताप होता. बरणी उघडायला गेला तर ओल्या हातांना झाकण दाद देईना. तेवढ्यात लाट आली, होडी कलली, धर्माजी सुकाणूवरून "बसा, बसा" म्हणून ओरडला, आणि देवदत्तनं ती बरणी होती तशी, बंद, पाण्यात टाकली. टाकली आणि पाठ फिरवली. अस्थी सोडल्यावर मागे वळून पाहायचं नसतं, हे त्याला दादांनीच शिकवलं होतं.

घरी त्यानं सांगितलं, सगळं नीट झालं. अजेयला फोनवर सांगितलं, भटजींना सांगितलं, शेजारीपाजारी सांगितलं. प्रत्येक वेळी सांगताना राख पाण्यावर कशी पसरली त्याचं वर्णन थोडं थोडं वाढत गेलं. दोन दिवसांनी तो स्वतःच इस्पितळात गेला. श्रद्धाही तापानं घरात पडली, नि घराला पुढून 'प्रवेश बंद'ची पट्टी लागली.

इस्पितळातून परत आला त्या आठवड्यात तो आवाज सुरू झाला. समुद्रावरून वारा सुटला की दादांच्या बंद खोलीतून यायचा. टिक्. टिक्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टिक्. श्रद्धा म्हणायची, झावळी आपटत असेल. आपटेलही, घराच्या मागच्या अंगाला आदल्या वर्षीच्या वादळात पडलेल्या माडांचा नि पोफळींचा ढीग तसाच होता. तो उचलायचं दादांच्या मनात होतं, पण दादाच गेले. वाडी मक्त्यानं दिली, आणि त्या बाजूला घरातलं कोणी फिरकेनासं झालं. पण देवदत्तला झावळीचा आवाज कळत नव्हता थोडाच! हा आवाज स्टीलचा होता. कोणी तरी आतून बोटाचं नख वाजवावं तसा. दादा समुद्राच्या तळाशी त्या बरणीत बसले आहेत आणि दार उघडा म्हणताहेत, असं त्याच्या मनानं घेतलं ते घेतलं. कुलूप काढून खोलीत डोकावायची त्याची छाती झाली नाही. तो उठायचा, स्वयंपाकघरात जायचा आणि हाताला लागेल ते झाकण सैल करायचा. चार वर्षं हे असं चाललं.

अशा माणसानं एके दिवशी घरात जाहीर केलं की मी स्कूबा डायव्हिंगच्या सहलीला जाणार आहे. घोट्याएवढ्या पाण्यातही पाय न घालणारा नवरा समुद्राखाली जाणार म्हटल्यावर श्रद्धानं हातातलं झाकण खाली ठेवलं. मग म्हणाली, जा, जरा मोकळं वाटेल.

पनवेलच्या धनेश नावाच्या एका हौशी इसमानं जुना ट्रॉलर घेऊन त्याला पांढरा रंग फासला होता, मासे साठवायच्या कप्प्यात झोपायच्या फळ्या ठोकल्या होत्या, आणि बोटीवरच मुक्काम करून काशीदपासून हरिहरेश्वरपर्यंत पाण्याखालची दुनिया दाखवण्याची जाहिरात केली होती. जाहिरातीत कासवं होती, लाल-जांभळी प्रवाळं होती, निळंशार पाणी होतं. हे फोटो आपल्या समुद्रातले नाहीत हे किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. देवदत्तलाही ते कळलं होतं. त्याला कासवांशी कर्तव्य नव्हतं. बोट हाकायला तांडेल म्हणून धर्माजी होता आणि ती जागा फक्त धर्माजीला माहीत होती, एवढ्यासाठी तो निघाला होता. खाली जायचं, बरणी शोधायची, झाकण उघडायचं. त्यासाठी त्यानं अलिबागच्या एका रिसॉर्टच्या तलावात रविवारमागून रविवार जाऊन शिकून घेतलं. शिकवणारी तेजस्वी नावाची तरतरीत मुलगी होती. तीच बोटीवर सगळ्यांना पाण्यात नेणार होती.

पुण्याहून आलेलं एक जोडपं आणि ठाण्याचे दोघे मित्र धरून पाच जण राजपुरीच्या खाडीतून निघाले. खाडीच्या तोंडाशी धर्माजीनं रिवाजाप्रमाणे समुद्राला नारळ दिला. तो नारळ बोटीच्या मागे बराच वेळ डुलत येत राहिला. देवदत्तनं तो पाहिला, पण त्यातून त्याला काही उमगलं नाही.

सहलीचा बोऱ्या पहिल्याच दिवशी वाजला. संडासाचा पंप बसला. जनरेटरचा धूर थेट झोपायच्या जागेत यायचा आणि फळ्यांना जुन्या बोंबलांचा वास होता, तो कितीही रंग लावला तरी जाणार नव्हता. पण हे सगळं चालून गेलं असतं, खाली काही दिसलं असतं तर. पाणी कसलं, चहात दूध पडावं तसा गढूळ रंग. मास्कला हात लावला तरी हात दिसत नव्हता. पुण्याच्या बाई पहिल्यांदा वर आल्या त्या म्हणाल्या, याच्यापेक्षा आमच्या सोसायटीची टाकी स्वच्छ असते. धनेश मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक दाखवत म्हणाला, उद्या पाणी उघडेल. दुसऱ्या दिवशी ते आणखी गढूळ झालं. मग सगळे वर बसून सोलकढी पीत एकमेकांना अंदमानचे फोटो दाखवायला लागले.

एकटा देवदत्त जात राहिला. त्यानं धर्माजीला आधीच विनवलं होतं की दादांना सोडलं त्या जागेजवळ नांगर टाका. धर्माजीनं काही बोलायला तोंड उघडलं, आणि मग मान हलवून त्यानं बोट तिकडे वळवली. बापाला निरोप दिला ती जागा पाहून यायची असेल पोराला, असं त्यानं धरलं.

तळ लांब नव्हता. नांगराच्या दोराला धरून उतरलं की थोड्याच वेळात पाय गाळात रुतायचे. तिथे उजेड नव्हता, फक्त एक मळकट तपकिरीपणा होता. तेजस्वी दोराशी थांबायची आणि देवदत्त कमरेला दुसरा दोर बांधून हातांनी चाचपत फिरायचा. तिला त्यानं सांगितलं होतं, वडिलांची एक वस्तू पडली आहे. हात कोपरापर्यंत गाळात जायचे. फाटकं जाळं लागायचं, शिंपला लागायचा, एखादं काही तरी मऊ हाताखालून सटकन निघून जायचं. प्रत्येक गोल वस्तू तो दोन्ही हातांनी चाचपून पाहायचा. एकदा तर त्याला वाटलं, आपण शोधत नाही आहोत, अंधारात आपल्यालाच कोणी चाचपत आहे. त्यानं हात आखडून घेतले आणि स्वतःच्या श्वासाचा घरघराट ऐकत गुडघ्यांवर बसून राहिला.

तेव्हाच तो आवाज आला. टिक्. टिक्. टिक्.

पाण्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही. तो सगळीकडून येतो, डोक्याच्या आतूनही येतो. पण तोच होता, घरातलाच. देवदत्तच्या अंगावर काटा आला. आणि भीतीच्याही वर दुसरं काही तरी दाटून आलं, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो इतका जवळून आला होता. आलो दादा, असं त्यानं तोंडातल्या नळीतच म्हटलं. कमरेचा दोर सोडला आणि समोरच्या अंधारात घुसला.

पाय कोणी तरी घट्ट धरला. ओढला. वर आल्यावर तेजस्वीनं मास्क काढून आपल्याहून दुप्पट वयाच्या माणसाला झाड झाड झाडलं. तो बसून राहिल्यावर दोर ढिला लागला म्हणून ती पाठीवरच्या नळकांड्यावर लोखंडी कडी वाजवून त्याला बोलावत होती. खाली हाक मारायची हीच रीत, तलावात शिकवली होती ना? शिकवली होती. देवदत्तनं मान खाली घातली. 

शेवटच्या दिवशी तिनं एकदाच उतरू द्यायचं कबूल केलं. या खेपेला हात लागताच देवदत्तनं ओळखलं: धातू, गोल, बरणीएवढं. दोन्ही हातांनी गाळातून उपटलं. झाकण चाचपलं तर झाकण नव्हतं. कुठल्या तरी बोटीवरून पडलेला रंगाचा डबा होता, काठोकाठ चिखलानं भरलेला. तो हातात धरून देवदत्त तसाच बसला. तीन दिवसांत हाताला काय काय लागलं होतं ते त्याला आठवलं. बूच नसलेली बाटली. फुटका कप. पत्र्याचा उघडा डबा. इथे खाली जे जे आलं होतं त्या सगळ्याची तोंडं उघडी होती.

बंद तोंडाचं इथे काहीच नव्हतं. असणारच नव्हतं. पोटात हवा असलेली, झाकण घट्ट असलेली हलकी बरणी तळाशी जातेच कशी? दर वर्षी अकरावीच्या पोरांना फळ्यावर आकृती काढून तो हेच शिकवत आला होता, ज्याला कळत नाही त्याला बाकावर उभा करत आला होता. पण भीतीला फिजिक्स येत नाही, आणि पाठ फिरवलेल्या माणसाला काय तरंगतं नि काय बुडतं ते दिसत नाही. दादा इथे कधी आलेच नव्हते.

वर येऊन तो ओल्या कपड्यांनिशी सुकाणूजवळ जाऊन बसला. बोट परतीला लागली होती. बाकीचे पुढच्या बाजूला धनेशला धारेवर धरत होते, त्यामुळे इकडे दोघंच होते.

"धर्माजीकाका, त्या दिवशी मी बरणी उघडली नव्हती."

"म्हाईत हाय," धर्माजी म्हणाला.

"कसं काय?" देवदत्तनं विचारलं.

"आमच्या खालच्या वाळूत आली ती, दोन-चार रोजांतच. झाकण लागलेलं, बुडाला दादांचं नाव. वारा किनाऱ्याकडचा, दुसरीकडं जाईल कुठं?"

"मग तुम्ही काय केलंत?"

"तुमी दवाखान्यात. वैनीबी आजारी, पुढल्या दाराला पट्टी. अस्थी घरात न्यायची न्हाय. म्हून मी मागनं आलो, वाळूच्या अंगानं. दादांच्या खिडकीला उंडीचं झाड लागतंय ना, तिला टांगली, जाळ्याच्या नायलॉन दोरीनं. म्हटलं, खिडकी उगडतील तवा पयली तीच दिसंल."

बोटीचं इंजिन धडधडत होतं.  देवदत्तला काही तरी विचारायचं होतं, पण ते धर्माजीनंच ओळखलं.

"सांगायला पायजे व्हतं. पन तुमी सगळ्यांना सांगत व्हता, राख पान्यात सोडली म्हून. मी चारचौघांत तुमाला खोटं कसं पाडू? वाटलं, बघितली असंल, गुपचूप सोडून आलं असंल. मागल्या साली नारळ पाडताना मोरू बोलला, हाय अजून तिथंच. मंग वाटलं, अजेयभाऊची वाट बघताय." त्यानं सुकाणूवरचा हात काढून तोंडावरून फिरवला. "चुकलंच माजं."

मोरू पाडेलीला माहीत होतं, मक्तेदाराला माहीत होतं. टांगलेल्या अस्थींना परक्यानं हात लावायचा नसतो आणि त्याबद्दल घरच्यांना छेडायचं नसतं, म्हणून सगळे शहाण्यासारखे गप्प राहिले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पण देवदत्तला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही.

दिवेलागणीला तो घरी पोचला. अंगाला खाऱ्या पाण्याचा नि डिझेलचा वास, डोळे लाल. त्यानं श्रद्धाकडे दादांच्या खोलीची चावी मागितली. तिनं काही न विचारता आणून दिली आणि त्याच्या मागोमाग आली.

खोलीत कोंदट वास होता. खिडकीचा अडसर गंजून बसला होता, तो त्यानं पाटा-वरवंट्यातला वरवंटा आणून ठोकून काढला. दारं आत ओढली तशी उंडीची फांदी आत आली, आणि गजांच्या पलीकडे, हात घातला तर लागेल इतकी जवळ, बरणी टांगलेली होती. काळवंडलेली, मिठानं पांढुरकी पडलेली. वाऱ्याची झुळूक आली, ती जराशी हलली आणि गजावर आपटली. टिक्.

 दादा घरी परत आले होते. आपल्या खिडकीशी येऊन वाजवत होते, आणि खिडकीला आतून अडसर आपण घातला होता. देवदत्त दादांच्या कॉटवर बसला आणि हुंदके देऊन रडला, लहान मूल रडतं तसा, नाक-डोळे न पुसता. मग त्यानं श्रद्धाला सगळं सांगितलं. ताप, लाट, बरणी, आणि नंतर थोडं थोडं वाढवत नेलेलं खोटं.

श्रद्धानं ऐकून घेतलं. तिला रागवायचं होतं की काय, कोण जाणे. ती स्वयंपाकघरात जाऊन खोबरेल घेऊन आली.

"मी धरते. तू फिरव," ती म्हणाली.

गजांमधून दोघांचे चार हात बाहेर गेले. तिनं झाकणाच्या कडेनं तेल सोडलं, बरणी पोटाशी धरावी तशी दोन्ही तळव्यांत घट्ट धरली, आणि त्यानं झाकण फिरवलं. पहिल्यांदा हललंच नाही. मग कुरकुरलं, मग सुटलं. आत राख अगदी कोरडी होती. चार पावसाळ्यांचं एक थेंब पाणी आत गेलं नव्हतं, इतकं ते झाकण घट्ट होतं. खिडकी उघडी आणि बरणी उघडी, अशी ती रात्र त्यांनी दादांना वाडीच्या वाऱ्यावर राहू दिलं.

सकाळी ओहोटी लागताना धर्माजीनं आपली जुनी होडी काढली. श्रद्धाही बरोबर आली. समुद्र शांत होता. देवदत्तनं बरणी पाण्यालगत नेऊन हळूहळू ओतली. राख पसरली, पांढरे तुकडे दिसले न दिसले तोच बुडाले. धर्माजीनं होडी वळवली आणि सवयीनं म्हणाला, आता मागं बघू नका, मास्तर.

देवदत्तनं मागे वळून पाहिलं. धर्माजीनंही मग त्याला अडवलं नाही. राखेचा शेवटचा पांढुरका डाग पाण्यात मिसळून दिसेनासा होईपर्यंत तो पाहत राहिला.

त्या संध्याकाळी श्रद्धानं नेहमीसारखी सगळ्या बरण्यांची झाकणं फिरवून बसवली. देवदत्त दादांच्या खोलीत खिडकीशी बसला होता. समुद्रावरून वारा सुटला, उंडीची फांदी हलली, रिकामी नायलॉनची दोरी गजांपुढे झुलली. आवाज आला नाही. थोड्या वेळानं वारा वाढला, तरी आला नाही. ज्या आवाजाला तो चार वर्षं भीत आला होता, तो एकदा तरी यावा म्हणून देवदत्त कान देऊन बसून राहिला.